काठ

वुदामच्या या घराच्या खिडक्या उंचावर आणि बुटक्या,
उन्हाला आत यायचं तर वाकूनच यावं लागेल.
मी पडदे अडकवून पाहते.
हातभर कापड खाली उगीच लोंबतं.

जामनगरला घेतले होते, लग्नानंतर सातव्या महिन्यात.
गर्द निळे. रंग जाणार नाही, दुकानदार म्हणाला होता.
रंग गेला.
कारवारला दुमडले, विशाखापट्टणमला उसवले,
कोचीच्या दोन पावसाळ्यांत बुरशीचे ठिपके पडले,
ते पुढे नक्षी म्हणूनच आमच्यासोबत फिरले.
काठ उजेडासमोर धरला की सुईच्या भोकांच्या ओळी दिसतात,
एकीखाली एक, काही वाकड्या.
वाकड्या चिल्क्याच्या. तेव्हा इंद्रनील पोटात होता.

दिगंबर म्हणतो, कापून टाक ना, किती दुमडशील,
नाहीतर सुवेकच्या बाजारातून तयार आण.
म्हणतो आणि जातो, पहाटे साडेचारला,
इथल्या नौदलाच्या पोरांना इंजिन शिकवायला.
त्याचं बरं आहे. कुठेही जा, डिझेलचा वास तोच.
मला प्रत्येक गावी नव्याने शिकावं लागतं
पाण्याचा टँकर कधी येतो, कोथिंबीर कुठे मिळते,
कुणाची बायको कुणाशी बोलत नाही.
इथे बोलायला शेजारची शम्सा,
जिच्या हिंदीत मी, ती, चहा, संध्याकाळ, सगळे पुल्लिंगी.

शाळेच्या फॉर्मात ‘यापूर्वीची शाळा’ला एकच ओळ.
स्वरदाने तिथे पाच नावं कोंबली, मुंगीएवढ्या अक्षरांत,
आणि ‘मूळ गाव’पुढे आडवी रेघ मारली.
अगं, आजरा लिही.
आजऱ्याला मी एकूण किती दिवस राहिलेय, मोज, ती म्हणाली.
रात्री झोप येईना तेव्हा मोजले.
एकशे बारा.
त्यात आजोबांच्या आजारपणाचे चाळीस.

धाकटा तिसऱ्या दिवशी गल्लीत ‘याल्ला, याल्ला’ ओरडत होता.
हिचा खोका दोन महिने झाले, पलंगाखाली तसाच.
वर तिच्याच अक्षरात: नाजूक. उघडू नये.
मी झाडू फिरवते तेव्हा त्याला वळसा घालते.

शम्सा खजूर आणि कहवा घेऊन येते, पडद्यांचा पसारा बघते,
आणि आपल्या आईचं सांगते.
उन्हाळा लागला की किनाऱ्यावरचं झापांचं घर सोडायचं,
गाढवावर भांडी, गाढवावर पोरं,
खजुरीच्या बागेत जायचं. गारवा आला की परत.
दर वर्षी? दर वर्षी.
आई रडायची का गं निघताना?
शम्सा जरा आठवते. “माँ नहीं रोता. बकरी रोता.”
आम्ही दोघी इतक्या हसलो की कहवा सांडला,
अर्थात पडद्यावरच.

शुक्रवारी रात्री दिगंबर बोटीवर होता, चार दिवसांसाठी.
मी जमिनीवर पडदा पसरला, खडूने रेघ ओढली
आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा कात्री घेतली.
दुमडून दुमडून काठ दोरखंडासारखा जाड झालाय,
सुई आत जात नाही, बोटं दुखतात.
कुणी न बोलावता स्वरदा आली,
दुसरं टोक धरून समोर बसली.
वीत टाकून मोजलं तिने. तिची वीत आता माझ्याएवढी.

“कापू नकोस.”
मग पाठ केलेलं उत्तर सांगावं तसं,
“पुढची खिडकी केवढी असेल कुणास ठाऊक.”

तेरा वर्षांची आहे.
हे मीच शिकवलं असणार, कधी, ते आठवेना.
सुईत दोरा ओवता येईना मला.
चष्मा आत राहिलाय, म्हणाले.
तिने ओवून दिला.

पडदा लागलाय. खाली एका बाजूला जरा फुगतो.
खोका अजून पलंगाखालीच आहे.
चिकटपट्टीचं एक टोक सुटलेलं दिसलं काल.
उकाड्याने असेल.